मालक बदलले, नोंदींचे काय?

नव्वदच्या दशकात यवतमाळ, पुसद, वणी यांसारख्या गावांत संगणकवर्गांच्या ज्या पाट्या झळकू लागल्या, त्यांवर 'डीबेस' व 'फॉक्सप्रो' ही नावे हमखास असत. कापसाच्या चुकाऱ्यातून फी भरून खेड्यापाड्यांतील मुले ती साधने शिकली. वेतनपत्रके, सभासदांची खाती आणि विद्यार्थ्यांच्या याद्या त्यांवरच चढल्या. या नावांमागे सातासमुद्रापलीकडे कोणते व्यवहार चालले होते, याची वार्ता मात्र आपल्या शिक्षकांपर्यंत वा कारकुनांपर्यंत क्वचितच पोहोचली.

'डीबेस' ही अ‍ॅश्टन-टेट कंपनीची मिळकत. 'फॉक्सप्रो' हा तिचीच भाषा बोलणारा, परंतु अधिक चपळ असा प्रतिस्पर्धी. १९९१ साली बोरलँडने अ‍ॅश्टन-टेट विकत घेतली. बोरलँडपाशी याच कामाचे 'पॅराडॉक्स' आधीच होते. एका म्यानात दोन तलवारी आल्या आणि विंडोजवरील 'डीबेस' बाजारात येईपर्यंत १९९४ साल उजाडले. दरम्यान, १९९२ साली मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर घेतली व त्याच वर्षी स्वतःचे 'अ‍ॅक्सेस' बाजारात आणले. 'फॉक्स'चे जलद शोधाचे तंत्र पुढे 'अ‍ॅक्सेस'मध्ये गेले. अखेर, 'फॉक्सप्रो'ची नवी आवृत्ती निघणार नाही, असे २००७ साली जाहीर झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये कंपनीचे साहाय्यही थांबले.

व्यापारात असे व्हायचेच, असे कोणी म्हणेल. ते मान्य करूनही एक प्रश्न उरतो. जिनिंगचा मालक बदलला, यंत्रे बदलली, तरी गंजीतला कापूस ज्याचा त्याचाच राहतो. संगणकातील नोंदीला ती हमी आपोआप मिळत नाही. नोंद ज्या साच्यात साठविली, तो साचा एकट्या कंपनीच्या मुठीत असेल, तर कंपनीबरोबर नोंदही अडते.

या बाबतीत १९९१ च्या त्या खरेदीतच एक बोधप्रद गोष्ट आहे. खरेदीस वाट देताना अमेरिकेच्या न्याय विभागाने अट घातली, की 'डीबेस'ची भाषा, आज्ञांची नावे व फाइलींची रचना यांवर बोरलँडने स्वामित्वहक्काचे दावे लावू नयेत. 'डीबीएफ' फाइलीचा साचा सर्वांना ठाऊक असल्यामुळे ती आजही लिब्रेऑफिससारख्या मोफत साधनात उघडते. साधन गेले, नोंद वाचली.

हा इतिहास जुना झाला असेही नाही. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने गिटहब घेतली. गिटहबचे 'अ‍ॅटम' आणि मायक्रोसॉफ्टचे 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' ही दोन्ही आज्ञावली लिहिण्याचीच साधने. डिसेंबर २०२२ मध्ये 'अ‍ॅटम'चा कारभार आटोपला.

तेव्हा आपण दोन गोष्टी केल्या पाहिजेत. संस्थेने संगणकप्रणाली घेताना किमतीआधी विचारावे, की आमच्या नोंदी कोणत्या खुल्या साच्यात बाहेर काढता येतील? भारत सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण २०१० सालीच स्वीकारले आहे. ते तालुक्याच्या टेबलापर्यंत उतरले पाहिजे.

दुसरी गोष्ट वर्गातली. नोकरी देणारा साधनाचेच नाव विचारतो, हा शिक्षकांचा आक्षेप खोटा नाही. साधन शिकवावेच, परंतु तक्ता म्हणजे काय, एका नोंदीचा दुसरीशी संबंध कसा जोडावा, हे त्याआधी शिकवावे. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेले हे विचार इतक्या खरेदी-विक्रीनंतरही टिकून आहेत. ज्याने ते समजून घेतले, त्याला 'फॉक्सप्रो' गेल्यावर नवे साधन हाती घेण्यास काही आठवडे पुरले असतील. ज्याने केवळ आज्ञा पाठ केल्या, त्याच्यावर पुन्हा पहिल्या धड्यापासून फी भरण्याची पाळी आली. ही फी कापूस विकूनच यायची असते, याचे भान अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांनी ठेवावे.