दुबई पाहताना आठवलेला वाडा

दुबईवरील मराठी प्रवासवर्णनांत एक वाक्य हमखास भेटते : येथे परंपरा आणि आधुनिकता यांचा सुरेख संगम झाला आहे. यवतमाळहून निघताना हे वाक्य माझ्याही मनात होते. ते सर्वस्वी खोटे आहे असे म्हणता येणार नाही. परंतु ते फार सोयीचे आहे, आणि सोयीची वाक्ये आपल्याला पाहू देत नाहीत, असे आता वाटते.

खाडीकाठच्या अल् फहिदी वस्तीत, म्हणजे जुन्या बस्तकियात, इराणातील बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांची घरे जतन केलेली आहेत. त्यांच्या छपरांवर ‘बारजील’ नावाचे चौकोनी मनोरे दिसतात. वरून जाणारा वारा पकडून खालच्या खोलीत उतरवायचा आणि तापलेली हवा वर जाऊ द्यायची, एवढेच त्यांचे काम. वैदर्भीय माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मातीच्या जाड भिंती, काळोखी माजघर आणि दारावर पाणी मारलेल्या वाळ्याच्या ताट्या यांनीच आमचे वैशाख निभावले आहेत. पुढे तोच मनोरा नव्या आलिशान हॉटेलांच्या माथ्यावर दिसतो. खाली वातानुकूलन चालू असते; मनोरा शोभेला उभा असतो.

परंपरा म्हणजे एखाद्या अडचणीवर पिढ्यांनी शोधलेले उत्तर होय. अडचण दुसऱ्या मार्गाने सुटली की उत्तराचा अलंकार होतो. जात्यावरची ओवी व्यासपीठावर आली तेव्हा तिचेही असेच काहीसे झाले. त्यात दुःख करण्याजोगे काही नसेलही. मात्र या स्थित्यंतराला ‘संगम’ म्हणणे ही समीक्षेची कुचराई आहे.

महेश एलकुंचवार यांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातील पारव्याचा. त्यांच्या ‘वाडा चिरेबंदी’मधील अंगणात एक ट्रॅक्टर गंजत पडलेला असतो. वाड्यातही परंपरा आहे आणि आधुनिकताही आहे. फक्त दोहोंना सांभाळण्याइतका पैसा नाही. दुबईत तो आहे. तेथेही पडझड झाली होती. जपानी संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांमुळे १९३०च्या दशकात तिथला मोत्यांचा धंदा बुडाला. १९६६ साली तेल सापडले. त्याच वर्षापर्यंत तेथील व्यवहारात आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला आखाती रुपया चालत होता. म्हणजे ज्या नगरीकडे आपण आज माना उंचावून पाहतो, ती फार जुनी शेजारीण आहे. यवतमाळचा कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला आणि तेथून मुंबई बंदराकडे जात होता; त्याच अरबी समुद्रापलीकडे मोत्यांची ही पेठ होती. तिचा वाडा दुरुस्त झाला, आमचा झाला नाही.

या त्रिनाट्यधारेच्या शेवटी, ‘युगान्त’मध्ये, दुष्काळाने उजाड झालेले गाव येते. दुबईत वर्षाला सरासरी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. यवतमाळात त्याच्या कित्येक पट. तरीही २०१८च्या उन्हाळ्यात आमच्या शहराने टँकरच्या रांगा पाहिल्या, आणि तिथे समुद्राचे पाणी गोडे करून कारंजी नाचवली जातात. वाळवंट कोणाच्या वाट्याला यावे, हे केवळ पावसावर ठरत नाही.

८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा जानेवारी २०१०मध्ये खुला झाला. त्याच वर्षी मंगेश पाडगावकर यांच्या अध्यक्षतेखाली दुबईत दुसरे विश्व मराठी साहित्य संमेलन भरले. आपली भाषा तेथे पोचली याचा आनंद रास्तच होता. पण एक दिरहम देऊन ‘अब्रा’ नावाच्या होडीतून खाडी ओलांडताना माझ्या शेजारी बसलेले, हिंदी, बंगाली, मलयाळम बोलणारे थकलेले कामगार आपल्या प्रवासवर्णनांत का नसतात? मनोऱ्याची उंची आपण मोजतो. तो ज्यांनी उभारला ते वर्णनाबाहेर राहतात.

जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला ९२वे अखिल भारतीय संमेलन झाले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याने ते गाजले, आणि त्याची खंत राहीलच. तरीही त्याचे उद्‌घाटन वैशाली येडे या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीने केले, हे विसरता येत नाही. ज्यांच्याविषयी आपण लिहितो, त्यांपैकी एक स्त्री त्या दिवशी स्वतः बोलली. ते एका दिवसापुरते झाले, हा आक्षेप मला मान्य आहे. ते रोजचे व्हावे ही जबाबदारी लिहिणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची आहे.

म्हणून वर्गात प्रवासवर्णन शिकवताना मी आता विद्यार्थ्यांना इतकेच विचारतो : या मजकुरात घाम कोणाचा आहे, आणि पाणी कोठून आले? या दोन प्रश्नांची उत्तरे न देता ‘संगम’ हा शब्द वापरू नये, मग ते गाव दुबई असो की यवतमाळ.