उस्मानाबादच्या बायांनी दिलेल्या उत्तराचं काय केलंत?

खराडीत आमच्या वस्तीतल्या एका गरोदर ताईने मला एक कागद दाखवला. कुठल्याशा अभ्यासासाठी दवाखान्यात तिची सही घेतली होती. कागद इंग्रजीत, ताई सातवी शिकलेली. रविवारी विहारात मी हे सांगितलं तेव्हा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "आपल्या बायांवर प्रयोग चालतात. सरळ नकार द्यायचा!" टाळ्या पडल्या. मी वाजवली नाही. का, ते सांगते.

1999 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर मोठी चाचणी सुरू झाली. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि आंतरराष्ट्रीय संस्था त्यात होत्या. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायांचे गावांनुसार चार गट पाडले. तीन गटांची वेगवेगळ्या पद्धतीने तपासणी झाली. चौथ्या गटाची झालीच नाही. आठ वर्षांनी हिशेब लागला. एचपीव्ही तपासणी एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरने 34 बाया गेल्या. तपासणी न झालेल्या, थोड्या लहानच गटात 64.

त्या 64 जणींचा राग यायलाच हवा. ज्या देशातल्या शहरी, पैसेवाल्या बायांना तपासणी मिळत होती, त्याच देशातल्या गावच्या बायांना "नेहमीची सोय", म्हणजे काहीच नाही, हे माप लावलं गेलं. विषमता आधीच होती म्हणून ती चाचणीत चालवून घेतली, हा युक्तिवाद आपण मान्य करायचा नाही. जातीची उतरंडही "आधीपासून आहे" म्हणूनच टिकवली गेली.

पण माझा मोठा राग पुढचा आहे. 2009 ला निकाल जगासमोर आला. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीचाच आग्रह धरते. आपल्याकडे काय झालं? 2016 ला केंद्राने 30 ते 65 वयाच्या बायांची दर पाच वर्षांनी तपासणी करायचं ठरवलं, तीही स्वस्तातली, व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघायची. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं की 30 ते 49 वयाच्या बायांपैकी देशभरात फक्त 1.9 टक्के जणींची कधीतरी तपासणी झाली होती. अंग बायांनी दिलं, ज्ञान जगाने नेलं, बायांच्या हाती काय आलं?

आता "सरळ नकार" म्हणणाऱ्यांनी बेळगावकडे बघावं. तिथे खेड्यातल्या 1,620 बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉलच्या गोळीची चाचणी झाली. निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली, त्यावर प्रश्न विचारायलाच हवेत. पण 2006 ला निकाल आला तो असा: बाळंतपणानंतर जास्त रक्त जाण्याचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. इंजेक्शन नाही, डॉक्टर नाही, अशा ठिकाणी नर्सबाई देऊ शकेल अशी गोळी. संशोधनच नको म्हटलं, तर हे कुणाचं नुकसान? मोठ्या हॉस्पिटलात बाळंत होणारीचं नक्कीच नाही.

आणि संशोधनाशिवाय काय होतं ते बीडमध्ये दिसलं. 2019 ला सरकारी समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. तिथे कुठली चाचणी नव्हती, नैतिक समिती नव्हती, की पुढे या बायांचं काय झालं याची वही नव्हती. फक्त कोयत्याची उचल, खाडा पडला तर दंड आणि ऑपरेशन. प्रयोगापेक्षा भयंकर काय? ज्याची नोंदच होत नाही असा प्रयोग.

1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी भूमिका घेतली होती की आईच्या विश्रांतीत राष्ट्राचं हित आहे. तो भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही सुटका नाही. तोच न्याय इथे लावा. बाईच्या शरीरातून ज्याला ज्ञान आणि नफा मिळतो, त्याने तिचं देणं फेडलंच पाहिजे.

म्हणून मित्रांनो, नकाराची घोषणा सोडा, हिशेबाची मागणी धरा. औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मिळणं हा हक्क आहे. बाईला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो. चाचणीची नोंद सीटीआरआयच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येते. बघा, आणि विचारा: औषध न मिळणाऱ्या गटाला काय देणार? निकाल मराठीत वस्तीत येऊन सांगणार का? औषध लागू पडलं तर ते आमच्या सरकारी दवाखान्यात कधी येणार?

त्या ताईबरोबर मी दवाखान्यात गेले. मराठी कागद मागितला. दीड तास बसवलं, मग दिला. तिने तो सावकाश, बोट ठेवून पूर्ण वाचला, दोन प्रश्न विचारले, आणि मग अभ्यासात राहायचं स्वतः ठरवलं. शिका म्हणजे हेच. पुढच्या रविवारी आयटी पार्कमागच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये जायचं आहे. तिथल्या किती जणींची तपासणी झाली, ते वहीत लिहून घेऊ. टाळ्या वाजवणाऱ्यांनी वही घेऊन यावं.

जय भीम!