भिंतीवरची ओल आणि कागदावरचे घर

कर्जतहून कोंडिवड्याच्या अंगाने कोंडाण्याकडे निघाले की राजमाचीच्या पायथ्याशी लेणी लागतात. पावसाळ्यात त्यांच्या दर्शनी भागासमोर पाण्याची धार कोसळते आणि ती पाहायला शहरातून झुंबड उडते. याच परिसरात शहरी माणसांनी बांधलेली दुसरी घरे, म्हणजे शनिवार-रविवारचे बंगले, दिसू लागले आहेत. लेण्यांना दारे नाहीत. बंगल्यांना मात्र आहेत, आणि त्यातले कित्येक भर पावसाळ्यात बंद असतात.

माझ्या एका स्नेह्यांनी दसऱ्याला असे कुलूप उघडले, तेव्हा आधी कुबट वास आला. मग कपाटामागे हिरवी-काळी बुरशी दिसली. नातवाला दम्याचा त्रास. त्या रात्रीच त्याला घेऊन परत फिरावे लागले. ठेकेदार म्हणाला, ''काका, दोन हात पुट्टी आणि एक हात रंग, की झाले.'' ते केले. पुढच्या दसऱ्याला बुरशी पुन्हा हजर! तिसऱ्या वर्षी 'मोफत तपासणी' करणारे आले. त्यांनी यंत्राने हवेतली बुरशी मोजली आणि त्याच बैठकीत आपल्याच कंपनीच्या उपचाराचे अंदाजपत्रक हातात ठेवले. पाणी कुठून येते, हे मात्र कोणीच पाहिले नाही.

मी बँकेत असताना गृहकर्जाच्या शेकडो फायली हाताखालून गेल्या. सात-बारा, टायटल सर्च, मंजूर नकाशा, मूल्यांकनाचा अहवाल... सगळे तपासले जाई. घर कागदावर स्वच्छ आहे ना, एवढीच आमची चिंता. भिंत ओली आहे का, हा प्रश्न मी कधी विचारल्याचे आठवत नाही. कर्जदार वीस वर्षे हप्ते भरणार होता, आणि तेवढीच वर्षे त्या भिंतींमधली हवा त्याचे कुटुंब घेणार होते.

हा केवळ बंगलेवाल्यांचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर 2020 मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने श्वसनाचा विकार बळावून तो गेला, असा निष्कर्ष 2022 मध्ये तेथील न्यायिक चौकशीत निघाला. वडिलांनी तक्रार केली तेव्हा त्यांनाही रंग लावून घेण्याचाच सल्ला मिळाला होता! आता त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा 27 ऑक्टोबर 2025 पासून तेथील सामाजिक गृहनिर्माणातील घरांना लागू झाला आहे. गंभीर ओलीची तक्रार आली की दहा कामकाजी दिवसांत पाहणी करणे घरमालक संस्थेला बंधनकारक आहे.

आपल्याकडे 2009 ची राष्ट्रीय हवा मानके आहेत, पण ती बाहेरच्या हवेची. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली. दमा, अ‍ॅलर्जी आणि श्वसनाच्या तक्रारींशी ओलीचा संबंध तिने मान्य केला. मात्र हवेत किती बुरशी चालेल, याचा आकडा दिला नाही. उपाय सांगितला तो ओलच रोखण्याचा.

म्हणून चांगल्या पाहणीची खूण यंत्राच्या आकड्यात नाही. पाहणारा गच्ची, न्हाणीघर, खिडकीचा उंबरा आणि जोते पाहतो. ओलावा मापकाने कोरडी भिंत आणि संशयित भिंत ताडून बघतो. पाण्याची वाट शोधतो आणि सही-तारखेसह लेखी देतो. आणि त्याला रंग किंवा रसायन विकायचे नसते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात एकाच कामावर बुरशी तपासणारा आणि ती काढणारा एकच असण्यास कायद्याने मनाई आहे. बँकेत रोकड मोजणारा आणि हिशेब तपासणारा वेगळा ठेवतात, त्यातलेच हे शहाणपण.

असा लेखी अहवाल आपल्याकडेही उपयोगी पडेल. रेरा कायद्याखालील घराचा ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर विकासकाने तो तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. पण दाखवायला पुरावा हवा. आपण घरे पाहायला जातो जानेवारीत, ताज्या रंगाच्या वासात. रायगडातले घर ऑगस्टमध्ये पाहावे. तेव्हा भिंत खोटे बोलत नाही. घर बंद ठेवायचेच असेल तर उघडीप मिळेल तेव्हा कोणाकडून तरी दारे-खिडक्या उघडून घ्याव्यात आणि कपाटे भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत.

शेवटी त्या 'कोणाकडून तरी'विषयी. आपण दसऱ्याला पोचण्याआधी शेजारच्या वाडीतली एखादी बाई येऊन कोरड्या झाडूने ती बुरशी झाडून काढते. उडालेली सारी धूळ तिच्या छातीत जाते. तिच्या तोंडाला मास्क आणि हातात ओले फडके देणे, यासाठी कोणत्या कायद्याची वाट पाहायची? घरातली हवा तपासायची झाली, तर पाहणीतला पहिला प्रश्न तिलाच विचारावा : बाई, तुम्हाला खोकला किती दिवसांपासून आहे?