मार्क नसलेला तास

सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची अंतिम फेरी झाली आणि परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्या मानाची एकही एकांकिका झाली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग पंधरा दिवस रण माजलं. मुलांचं खच्चीकरण झालं म्हणून काही जण चिडले, तर कुणीतरी खरं बोललं म्हणून काही जण सुखावले. नाटकवाल्यांचा तो वाद नाटकवाल्यांपाशी राहू द्या. हे सदर शिक्षणाचं आहे आणि मला त्या निर्णयात शिक्षणाचीच एक गोष्ट दिसते. त्या मुलांना आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच असा निकाल मिळाला, ज्यावर ग्रेस मार्क नव्हते, रिचेकिंग नव्हतं आणि एटीकेटीही नव्हती.

आपल्या कॉलेजांतले बाकीचे निकाल कसे लागतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. इंटर्नलचे मार्क सहसा कुणाचे कापत नाहीत. जर्नल मागच्या वर्षीच्या फाइलवरून उतरवतात. प्रोजेक्ट चौघांच्या नावावर असतो, केलेला एकाने असतो. यात मुलांचा दोष थोडा आणि व्यवस्थेचा जास्त आहे. पण तीन-चार वर्षं असं काढलेल्या मुलाला आपण कशात चांगले आहोत आणि कशात नाही, हे नेमकं कोण सांगणार? पदवी हातात येते, ओळख होतच नाही.

आता एकांकिकेची तालीम बघा. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये पुरुषोत्तम करंडक सुरू केला. त्यानंतर फिरोदिया करंडक आला, मुंबईत आयएनटी आणि सवाई या स्पर्धा रुजल्या, जिल्ह्याजिल्ह्यांत करंडक उगवले. त्यामुळे पावसाळा लागला की कित्येक कॉलेजांत तीच धावपळ दिसते. संहिता ठरते, पडते, पुन्हा ठरते. हॉलची किल्ली मिळवायला शिपाईमामांची मनधरणी चालते. प्राचार्यांकडून पैसे अर्धे मिळतात आणि उरलेले वर्गणीतून उभे राहतात. लेव्हल्स टेम्पोत चढवायला जे चार जण असतात, त्यांचं नाव घोषणा देताना कुणी घेत नाही. लाइट्स बघणारी मुलगी एक क्यू चुकली, तर महिन्याभराची मेहनत अंधारात जाते आणि ती का गेली हे अख्ख्या प्रेक्षागृहाला कळतं.

माणूस घडण्याची जागा मला इथे दिसते. साडेपाचला म्हणजे साडेपाचला यायचं, कारण बाकीचे अकरा जण ताटकळलेत. दिग्दर्शक हा आपल्याच वर्गातला मित्र असला, तरी तो ‘पुन्हा’ म्हणाला की पुन्हा करायचं. दुसरा भाग रेंगाळतो आहे, हे त्याच मित्राला तोंडावर सांगायचं आणि मैत्रीही टिकवायची. मूल्यशिक्षणाच्या पुस्तकात या प्रत्येक गोष्टीवर एकेक धडा असतो. तालमीत धडा नसतो, पण त्याशिवाय प्रयोग उभाच राहत नाही.

ध्येयाचंही तेच. ‘कॉलेजात असतानाच ठरवलं’ असं मोठी माणसं मुलाखतींत सांगतात, तेव्हा एखाद्या दुपारी वीज चमकली असं वाटतं. प्रत्यक्षात ते फार सावकाश घडतं. पुण्याच्या बी. जे. मेडिकलचीच उदाहरणं घ्या. श्रीराम लागू तिथे शिकले, कान-नाक-घशाचे सर्जन झाले, आफ्रिकेत प्रॅक्टिस करून आले आणि पूर्णवेळ नट झाले ते १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. जब्बार पटेल आणि मोहन आगाशेही तिथलेच. पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला त्यांचा दवाखाना होता. आगाशे मानसोपचाराचे प्राध्यापक झाले. १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं तेव्हा पटेल दिग्दर्शक होते आणि आगाशे नाना फडणवीस. तिघांनीही वैद्यकी शिकून ती केली. कॉलेजने त्यांना ध्येय हातात दिलं नाही. दोन गोष्टी शेजारी शेजारी करून बघायची मुभा दिली आणि आपला जीव कशात रमतो ते त्यांचं त्यांना उमगलं.

तरी तारे किती निघाले यावर या स्पर्धांचं मोल ठरवणं मला चुकीचं वाटतं. तालमीतल्या बारा जणांपैकी बहुधा एकही जण पुढे नाटकात जात नाही. कुणी बँकेत लागतं, कुणी आयटीत, कुणी शेती आणि दुकान सांभाळतं. पण दहा जणांना एका वेळेला एका जागी आणून काम तडीस नेण्याची धमक त्यांच्यात आलेली असते. नोकरीच्या जाहिराती नंतर ज्याला टीमवर्क आणि लीडरशिप म्हणतात, ते या मुलांनी विंगेत घाम पुसता पुसता शिकून घेतलेलं असतं.

यावर एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मुकाट मान्य केला पाहिजे. संध्याकाळी साडेपाचला थांबू शकतं कोण? ज्याचं घर शहरात आहे, ज्याला कुणी न्यायला येतं, ज्याला पार्टटाइम नोकरी नाही, तो. जिची गावाकडची शेवटची एसटी सहाला सुटते, तिच्यासाठी कॉलेज म्हणजे तीन लेक्चर आणि स्टँड. तालमीला थांबायचं तर आधी घरी भांडायचं. वर्तमानपत्रांतून आपण ज्या ‘मंतरलेल्या दिवसां’च्या आठवणी लिहितो, त्या बहुतेक शहरातल्या आणि बहुतेक मुलग्यांच्या असतात.

या प्रश्नाला आपल्याच राज्यात एकाने फार पूर्वी उत्तर दिलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. ‘कमवा आणि शिका’ हा त्याचा पाया होता. मुलं तिथे राहत, श्रमाची कामं करत आणि त्यावर शिकत. गरिबाच्या मुलाला फी परवडावी हा त्यातला एक हेतू. त्याहून खोल हेतू हा, की त्याने कुणाच्या उपकारावर शिकू नये आणि शिकल्यावर श्रमाची लाज बाळगू नये. काम हे शिक्षणाच्या आड येणारं संकट आहे असं भाऊरावांनी मानलं नाही. त्यांनी ते शिक्षणाच्या आत घेतलं. आजही अनेक विद्यापीठांत या नावाची योजना आहे. पण ग्रंथालयात पुस्तकं लावणं आणि कार्यालयात फायली हलवणं यापुढे ती कितीदा जाते, हे ज्याने त्याने आपापल्या कॉलेजात जाऊन पाहावं.

आता नव्या धोरणाने या सगळ्याला मार्क द्यायचं ठरवलं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीची जी नवी रचना आली, तीत राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, क्रीडा, कला यांना श्रेयांक आहेत. हेतू चांगला आहे, शेवटच्या एसटीवाल्या मुलीला त्यातून दिवसाउजेडी एक तासही मिळेल. मला भीती वेगळी आहे. श्रेयांक आले की नोंदवही आली, नोंदवही आली की सही आली आणि सही आली की सबमिशन आलं. सेवा योजनेच्या शिबिरात गावचा ओढा साफ करणाऱ्या मुलाला उद्या पहिला प्रश्न पडणार, ‘सर, याचे किती?’ आणि सरांकडे उत्तर तयार असणार. हातातलं काम नीट झालं की नाही, हे मात्र दोघांपैकी कुणी विचारणार नाही.

दुसरीकडे, बारावीपर्यंतच्या कॉलेजांत तर माणसंच उरलेली नाहीत. प्रवेश कॉलेजात, शिकणं क्लासमध्ये. २०१८ मध्ये सरकारला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी आणावी लागली, यातच काय ते आलं. अंगठा उमटवून शरीर वर्गात आणता येईल, पण तिथे थांबावंसं वाटायला काहीतरी कारण लागतं.

ते कारण पुरवणं हे प्राचार्यांचं काम आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. आठवड्यातली एक दुपार वेळापत्रकातच मोकळी सोडावी. अडीच ते साडेचार, म्हणजे एसटी चुकणार नाही. हॉलची, मैदानाची आणि थोड्याफार पैशांची जबाबदारी मुलांच्या समितीकडे द्यावी आणि हिशेबही त्यांच्याकडूनच मागावा. श्रेयांक द्यायचेच असतील, तर हजेरीला न देता हाती घेतलेलं काम पुरं केल्याचे द्यावेत. अंक, सामना, प्रयोग, भाजीपाल्याचा वाफा, काहीही चालेल. ते फसलं तर फसू द्यावं आणि फसलं असं स्पष्ट सांगावं. अठराव्या वर्षी एक एकांकिका पडली तर कुणाचं फारसं बिघडत नाही. पहिली पडझड तिसाव्या वर्षी, घराचे हप्ते चालू असताना बघावी लागली, तर मात्र बिघडतं. ती आधी बघण्यासाठी कॉलेजाइतकी स्वस्त जागा मुलांना पुढे कुठेच मिळणार नाही.