घमेले वाहिले, आता मोजमाप शिका

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे खडी फोडायला बसली, हे आपल्या घराघरांतील आजी-आजोबा सांगत आले आहेत. सुकडीवर दिवस काढून त्यांनी रस्ते केले, पाझर तलाव बांधले. पुढे रोजगार हमीच्या कामावर मजुरी मोजमापावर ठरू लागली. खड्डा किती लांब, किती रुंद, किती खोल, हे टेपने मोजून वहीत जे लिहिले जाई, तेवढीच मजुरी हाती पडे. खणणारा आपला असे. मोजणारा क्वचितच आपला असे. वाचकहो, प्रश्न तेथेच आहे.

आज धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग (क्रमांक ५२) गेवराई व बीडवरून जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वेही आली. ही कामे शिकलेल्या माणसांशिवाय होत नाहीत. मग ती माणसे आपल्या घरातली का नसावीत?

बांधकाम व्यवस्थापन म्हणजे नुसती साहेबी खुर्ची नव्हे. रस्त्यावरची साधी मोरी घ्या. पाया खणणे, सळई बांधणे, काँक्रीट ओतणे, त्यावर पाणी मारणे, मग स्लॅब, शेवटी भराव. पाया खणला जात असतानाच सळई कापून ठेवता येते. पण स्लॅब पक्का होईपर्यंत त्यावर भराव टाकता येत नाही. कोणते काम अडले की सगळेच अडते, हे आधी कागदावर मांडावे लागते. काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे ७ व २८ दिवसांनी दाबून तपासावे लागतात. मजुरांची सुरक्षा, साहित्याचा हिशेब आणि ठेकेदाराचे बिल हेही त्यातच येते. मी वाणिज्य शाखेचा कारकून. एवढे खात्रीने सांगतो की, ज्याला मोजमाप पुस्तकातील नोंद वाचता येते, त्याला बिलातली लबाडीही दिसते.

सुरुवात मात्र पायरीपायरीने करावी. दहावीनंतर स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका ३ वर्षांची आहे. बीडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. आय.टी.आय.मध्ये सर्वेक्षक व आरेखक (स्थापत्य) हे व्यवसाय शिकवतात. पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, तसेच कनिष्ठ अभियंता पदाच्या परीक्षेला बसता येते. बांधकाम व्यवस्थापनाचे खास शिक्षण पुण्याच्या निकमार संस्थेत मिळते. ही संस्था १९८३ साली स्थापन झाली. मात्र ते मुख्यतः पदवीनंतरचे शिक्षण आहे व खर्चिक आहे. त्यासाठी आधीच शेत विकू नका. पदविका, पदवी, साइटवरचा दोन-चार वर्षांचा अनुभव आणि मग ते, असा क्रम ठेवा. 'सहा महिन्यांत इंजिनिअर, नोकरीची हमी' असे सांगणाऱ्या दुकानांत पैसे भरण्यापूर्वी शासनाची मान्यता विचारा.

पैशाअभावी मागे हटू नका. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. जे पालक बांधकाम मजूर आहेत, त्यांनी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. या मंडळाच्या योजनेत पहिल्या दोन पाल्यांना पदविकेसाठी वर्षाला २० हजार व अभियांत्रिकी पदवीसाठी ६० हजार रुपये साहाय्य ठरलेले आहे. अर्ज करताना चालू नियम पाहून घ्यावेत.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री असताना केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खातेही त्यांच्याच अखत्यारीत होते. बांधकाम हा आपल्यासाठी परका विषय नाही.

आणि मुलींना वगळू नका. आपल्या मायबहिणींनी डोक्यावर घमेली वाहिली. त्यांच्या लेकींनी आता रस्त्याची पातळी मोजायला शिकावे.

ज्यांची लेकरे दहावीत आहेत त्यांनी दोन कामे लगेच करावीत. कारखान्यावरून परतताच जातीचा व उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा, निकालानंतर धावपळ नको. आणि लेकराला रोज एक तास गणिताला बसवावे. मोजमाप तेथूनच सुरू होते.

जयभीम!