पापलेटाचें माप

राळेगणसिद्धीसारख्या अवर्षणी गांवीं बसून आम्हीं समुद्रमत्स्यांविषयीं लिहावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. आमचें ताटहि शाकाहारी. परंतु आमच्या वाचकांत सारस्वत कुटुंबें आहेत, आणि बाजारांतून कोणता मासा घ्यावा हा त्यांच्या घरचा नित्याचा प्रश्न आहे.

आयर्लंडच्या किनाऱ्यास हौशी लोक श्वास रोखून बुडी मारतात व भाल्यानें मासा टिपतात. हिंसेची ही हौस आम्हांस रुचत नाहीं. तथापि भाला धरणारास मासा आधीं दिसतो. ४२ सेंटिमीटरांहून लहान ‘बास’ घेऊं नये हा तिकडील नियम त्यास पाळतां येतो. आपल्याकडील जाळ्यास दृष्टि कोठली? आस बारीक असले कीं पिलेंहि येतात, आणि जाळें वर ओढीपर्यंत बहुतेक मेलेलीं असतात.

महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं पापलेटास राज्यमाशाचा मान दिला. त्याच वर्षीं १३५ मिलिमीटरांहून लहान पापलेट धरण्यास मनाई केली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस मासेमारी बंदच असते. बंदीचा गुण आमच्या गांवास ठाऊक आहे: चराईबंदी व कुऱ्हाडबंदी गांवानें स्वतः पाळली, म्हणून डोंगरउतारांवर गवत टिकलें. समुद्रास मात्र वेस नाहीं. तेथें पहारा कोण करणार? लहान मासा विकला जातो, म्हणूनच जाळ्याचे आस बारीक राहतात.

तेव्हां गृहिणींनीं, आणि पिशवी धरून मागें चालणाऱ्या यजमानांनींहि, मुलांच्या दप्तरांतील पट्टी बाजारांत न्यावी. साडेतेरा सेंटिमीटरांस न पोंचणारें पापलेट कितीहि स्वस्त मिळो, परत टोपलींत ठेवावें. कोळीण हंसेल; हंसूं द्यावें.