घरी झोपणे म्हणजे बहिष्कार नव्हे

१५ जानेवारीला आमच्या वस्तीतला एक पोरगा मला म्हणाला, "आपण बहिष्कार टाकलाय. १९७४ ला पँथरने टाकला होता तसा."

हे तो खाटेवर पडून म्हणाला. अंगावर चादर, हातात मोबाईल. बाहेर महापालिकेच्या मतदानाची सुट्टी.

मी गोदीत ओझी उचलतो. मॅट्रिक आहे. कविताही करतो, पण आज कविता नको. मला शिवी यायला वेळ लागत नाही, तरी त्या दिवशी गिळली. कारण बहिष्कार काय चीज असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. जयंतीला डीजे लावणाऱ्यांनी तर नाहीच नाही. म्हणून हे लिहितोय.

तर ऐक गड्या. जानेवारी १९७४. मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक. काँग्रेसचे रामराव आदिक उभे, शिवसेना त्यांच्या पाठीशी. समोर कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे. गावोगाव आपली माणसं ठेचली जात होती आणि राज्यकर्ते मतं मागायला तेवढे दारात येत होते. पँथरने सांगितलं, मत नाही. पण सांगितलं कुठे? खाटेवर पडून? ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळीत जाहीर सभा घेऊन सांगितलं. सभेवर दगड आले, पोलिसांच्या लाठ्या आल्या, दंगल पेटली. १० तारखेला निषेधाचा मोर्चा निघाला. परळला मोर्च्यावर वरून दगड टाकले गेले. त्यात भागवत जाधव गेला. आदिक पडले, रोझाबाई निवडून आल्या.

कुणाला पाडायचं आणि का, हे त्या पोरांना ठाऊक होतं. त्याची किंमत त्यांनी रस्त्यावर मोजली. तू झोपलास त्याने कोण पडलं? तू झोपलास हे तुझ्या आईशिवाय कुणाला कळलं तरी का? बहिष्कार टाकायचा तर त्यालाही दहा घरं फिरावं लागतं, बापा.

आता माझा हिशेब सांगतो. मी २६ वर्षांचा. २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेची निवडणूक झाली तेव्हा मी १७ चा, मत नव्हतं. त्या सभागृहाची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली. मग आरक्षण, प्रभाग, कोर्ट, तारखा. जवळजवळ चार वर्षे २२७ खुर्च्या रिकाम्या. आयुक्त हाच प्रशासक. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा, काही राज्यांच्याहून मोठा. मांडणारा अधिकारी तोच आणि मंजूर करणाराही तोच. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि माझ्या बोटाला महापालिकेची शाई पहिल्यांदा लागली. त्याही दिवशी निम्म्याला थोडी कमी मुंबई घरी बसली.

आणि खरी लाज पुढेच आहे. ती चार वर्षे आपल्याला जाणवलीच नाहीत. नगरसेवक नाही म्हणून आपल्यातला एक तरी पोरगा ओरडला का? नाही. कारण आपल्या लेखी नगरसेवक म्हणजे वाढदिवसाचा बॅनर, क्रिकेटचे टी-शर्ट, मंडळाला स्पीकर. ते तर सुरूच होतं, रिकाम्या खुर्चीवर डोळा ठेवणारे देतच होते. एका टी-शर्टात पाच वर्षे विकणारी आपली मंडळं! गोदीत मुकादमसुद्धा पाच वर्षांची मजुरी एका टी-शर्टात मागत नाही. आणि वर हीच पोरं म्हणणार, "सगळे साले चोर." असतील. चोराला चावी कुणी दिली?

जयंतीला मिरवणुकीत नाचता, तर एवढं ऐका. १९१९ च्या जानेवारीत बाबासाहेब साउथबरो समितीपुढे साक्षीला उभे राहिले. अस्पृश्यांसाठी मताची अट खाली आणा, त्यांना प्रतिनिधी द्या, ही मागणी. त्यांचं वय तेव्हा २७. राहायला आपल्या परळात, पोयबावडीच्या बीआयटी चाळीत. माझ्याहून एकाच वर्षाने मोठे. चाळीच्या खोलीतून निघालेला माणूस मत मागायला गेला आणि आपण चाळीच्या खोलीत मत दाबून झोपतो.

पण नुसतं मत टाकून आले की झालं, असं म्हणणाराही मला तेवढाच बिनकामाचा वाटतो. महाडचं चवदार तळं आठवा. सार्वजनिक पाणवठे खुले करा हा सीतारामपंत बोल्यांचा ठराव कायदे कौन्सिलात १९२३ ला पास झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ ला तळं खुलं केल्याचा ठराव केला. सगळं कायदेशीर, सगळं शाईत. आणि तीन वर्षे आपल्या माणसाला ओंजळभर पाणी नाही. २० मार्च १९२७ ला हजारो पायांनी तो ठराव दप्तरातून काढून तळ्याच्या काठावर आणला.

आता माझं चवदार तळं सांगतो, हसू नका. आमच्या संडासात बायांच्या बाजूला दार नव्हतं. एक आत गेली की दुसरीने चादर धरून उभं राहायचं. पाच महिने. पाळी सुटल्यावर मी एका कचेरीत गेलो. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "कुठल्या पक्षाकडून?" मी म्हटलं, "संडासाकडून." अर्ज ठेवून घेतला. पोच मागायची असते हेच मला माहीत नव्हतं, मॅट्रिकला शिकवत नाहीत. पुढच्या वेळी बारावीतल्या एका पोरीला नेलं. तिचं अक्षर मोत्यासारखं आणि जीभ मिरचीसारखी. २००५ चा माहितीचा अधिकार, साधा कागद, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलं. दार बसलेलं होतं! कागदावर, बिलासकट.

त्या उत्तराची झेरॉक्स आम्ही संडासाच्याच भिंतीवर चिकटवली. आठ दिवसांत दार आलं. कडी नव्हती. कडीसाठी परत गेलो.

आता पाण्याची पाळी आहे. नळ पहाटे साडेतीनला येतो नि बायांची झोप खातो. अर्ज लिहून तयार आहे, दोन प्रतींत, एक पोच घ्यायला. सह्या ११ झाल्यात, त्यातल्या ७ पोरींच्या. खाटेवरच्या त्या गड्याची अजून नाही. बुधवारी माझी रात्रपाळी आहे, दुपारी मी मोकळा. दोन वाजता नळापाशी या. चादर घडी घालून या.